पातेल्यातली बातमी

“काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लं?” आहारशास्त्राच्या विद्यार्थिनीला हा प्रश्न विचारायला अगदी सुरुवातीला शिकवतात. अभ्यासक्रमात याला चोवीस तासांचा आहार-आढावा म्हणतात. प्रश्न ऐकायला साधा आहे, पण नीट विचारायला फार अवघड. समोरची बाई आधी भाकर आणि दाळ सांगते. दोन वेळचा चहा सांगत नाही, कारण तो तिच्या लेखी खाण्यात मोडत नाही. शेतात काम करताना तोडून खाल्लेली काकडी, मूठभर शेंगदाणे, लेकराच्या ताटलीत उरलेले दोन घास हेही सुटतात. म्हणून एकच प्रश्न फेऱ्या-फेऱ्यांनी विचारायचा असतो. पहिल्या फेरीत आठवेल ते भराभर सांगू द्यायचे. दुसऱ्या फेरीत वेळ आणि जागा विचारायची: ‘शेतात गेलात तेव्हा सोबत काय नेलं होतं?’ तिसऱ्या फेरीत सुटलेले शोधायचे आणि मग मापावर यायचे. एक भाकर म्हणजे केवढी? जाड की पातळ? दाळीची वाटी कोणती, आणि त्या वाटीत पाणी किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पाहणी पथकांनी १९७२पासून प्रमाणित मापाची भांडी घेऊन अनेक राज्यांतल्या घरांत हेच काम केले. घरच्या मापातून कच्च्या धान्याचे वजन काढायचे आणि त्यावरून ऊर्जा, प्रथिने, लोह, कॅल्शियम. त्यासाठी याच संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली आहेत.

चुका होतात त्या गणितात कमी आणि विचारण्यात जास्त. ‘दूध घेता ना?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ येणारच. सासू शेजारी बसलेली असेल, तर आपल्या वाट्याला शेवटी काय उरले हे सून सांगणार नाही. बाळ पोटात फार वाढले तर बाळंतपण जड जाईल, या भीतीने गरोदरपणात मुद्दाम कमी जेवणाऱ्या बाया ग्रामीण भारतात आजही आहेत. पण ‘पोटभर जेवता का?’ या प्रश्नाला त्या कधीच ‘नाही’ म्हणत नाहीत. काल आठवडी बाजार होता की सण होता, हे विचारले नाही तर एका दिवसाचे ताट रोजचे समजले जाते.

ही सरळ सरळ मुलाखत आहे. उत्तर तोंडात न घालता प्रश्न विचारणे, गप्प राहून समोरच्याला बोलू देणे, सांगितलेले दुसऱ्या बाजूने पडताळणे आणि जागेवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे ही कौशल्ये आपल्या विद्यापीठांत पत्रकारितेच्या वर्गात शिकवली जातात. आहारशास्त्र गृहविज्ञान किंवा विज्ञान शाखेत असते, पत्रकारिता आणि जनसंवाद मानव्यविद्येत. दोघांची इमारत वेगळी, विद्यार्थी वेगळे, आणि पुढे आयुष्यभर ते एकमेकांना भेटतात ते फक्त ‘तज्ज्ञ’ आणि ‘वार्ताहर’ म्हणून. हे दोन विषय एकाच माणसाने शिकावेत, आणि ते मुंबई-पुण्यापेक्षा नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावातून आलेल्या मुलीने शिकणे अधिक मोलाचे आहे, असे मला ठामपणे वाटते. ज्या जिल्ह्यात घरात भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी बोलली जाते, तिथे ‘काल काय खाल्लं?’ हा प्रश्न प्रमाण मराठीत विचारला की अर्धे उत्तर अडतेच. बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसापुढे बाई शिकवलेले उत्तर देते. गावच्या मुलीला ती खरे सांगते.

नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. सहा तालुक्यांचा हा जिल्हा. खाली तापीच्या सपाटीवर कापूस, ऊस, केळी, पपई. वर सातपुड्यात अक्राणी आणि अक्कलकुव्याचे डोंगर. लोकसंख्येत जवळपास ७० टक्के आदिवासी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, इथल्या पाच वर्षांखालच्या दर शंभर बालकांपैकी सुमारे ५७ बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली, सुमारे ४६ वयाच्या मानाने बुटकी आणि सुमारे ३० उंचीच्या मानाने लुकडी.

हे तीन आकडे बातमीत आले की बहुधा एकाच ‘कुपोषण’ शब्दाखाली येतात, आणि कधी कधी त्यांची बेरीजही होते. ती बेरीज करता येत नाही, कारण एकच मूल तिन्ही यादीत असू शकते. शिवाय तिन्हींची कारणे वेगळी आहेत. लुकडेपणा अलीकडचा असतो: गेल्या काही आठवड्यांत जुलाब झाले, ताप आला, आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत गेले आणि मुलाचे खाणे विस्कटले. अशा मुलाच्या जिवाला लगेच धोका असतो. अंगणवाडीताईच्या हातातली दंडघेराची पट्टी त्याच्यासाठी आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा बारीक भरला की लाल, तिथून १२.५पर्यंत पिवळा, त्यावर हिरवा. बुटकेपणा मात्र जुना असतो. आईच्या गरोदरपणापासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या साधारण हजार दिवसांत तो घडतो. दोन वर्षांनंतर दिलेल्या खाऊने तो फारसा भरून येत नाही. म्हणजे ‘कुपोषण घटले’ असे लिहिताना नेमके काय घटले, हे सांगावेच लागते.

याच महाराष्ट्रातले एक उदाहरण. २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. २०१२च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात बुटक्या बालकांचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २४ टक्क्यांच्या आसपास आलेले दिसले. देशभर त्याची वाखाणणी झाली आणि ती योग्यच होती. पुढे २०१५-१६च्या कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा आकडा ३४ टक्के आला. वाचणाऱ्याला वाटेल, चार वर्षांत सगळे पाण्यात गेले. पण २०१२चा आकडा दोन वर्षांखालच्या मुलांचा होता आणि नंतरचा पाच वर्षांखालच्या. वयोगट वेगळे, तेव्हा आकडे शेजारी-शेजारी ठेवून निकाल काढता येत नाही. ही गोष्ट आहारशास्त्राची विद्यार्थिनी चटकन ओळखते आणि तिला बातमी लिहायची नसते. वार्ताहराला बातमी लिहायची असते, पण हे शिकायची संधी त्याला कधी मिळालेली नसते.

दरवर्षी पावसाळ्यात आणखी एक वाद होतो. पाड्यावर मूल दगावते. वार्ताहर ‘कुपोषणबळी’ लिहितो. दुसऱ्या दिवशी खुलासा येतो की मृत्यू न्यूमोनियाने झाला, कुपोषणाने नव्हे. वाचक कुणावर विश्वास ठेवणार? शरीरात काय घडते ते कुणी सांगतच नाही. अपुरे खाणाऱ्या मुलाची प्रतिकारशक्ती दुबळी होते, आजारपणात भूक मरते, वजन आणखी उतरते, पुढचा आजार आणखी लवकर गाठतो. धडधाकट मूल ज्या न्यूमोनियातून उठते, त्यात हे मूल उठत नाही. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला जातो आणि तो खोटा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांमागे अपुरे पोषण असते. एवढे चार वाक्यांत समजावले, तर वाचक वादात न अडकता पुढचे विचारेल: या मुलाचे वजन गेल्या तीन महिन्यांत कुणी केले होते का?

आता अंगणवाडीतल्या पातेल्याकडे वळू. माझ्या मते या दोन विषयांच्या जोडीचा सगळ्यात रोकडा उपयोग तिथे आहे. एकात्मिक बालविकास योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकाला रोज ५०० किलोकॅलरी ऊर्जा आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने पूरक आहारातून मिळावीत, असे ठरलेले होते. गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने. अन्नसुरक्षा कायद्याच्या मूळ परिशिष्टातही हेच आकडे होते, म्हणजे ठरलेला आहार हक्क म्हणून मागता येतो. २०२३मध्ये हे परिशिष्ट सुधारले गेले, पण हिशेबाची रीत तीच. पण ५०० किलोकॅलरी दिसतात कशा?

हिशेब सोपा आहे. १०० ग्रॅम तांदळातून सुमारे ३५० किलोकॅलरी आणि सात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात. ३० ग्रॅम तूरडाळीतून साधारण १०० किलोकॅलरी आणि सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिने. एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅम तेलातून ४५ किलोकॅलरी. बेरीज ५००च्या जवळ जाते आणि प्रथिनांचीही भरती होते. म्हणजे २० मुलांच्या अंगणवाडीत सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण मिळून दिवसाला सुमारे दोन किलो धान्य, ६०० ग्रॅम डाळ आणि १०० ग्रॅम तेल शिजायला हवे. आता या अंगणवाडीत जाऊन चुलीवरचे पातेले पाहा. डाळ ६०० ग्रॅम पडली की २०० ग्रॅम? तेल पडले का? हा हिशेब येणाऱ्या वार्ताहराला ‘निकृष्ट आहार’ असा मोघम शब्द वापरावा लागत नाही. ती लिहू शकते की आज प्रत्येक मुलाच्या वाट्याला इतकी डाळ कमी आली. मोघम आरोपाला मोघम खुलासा पुरतो. ग्रॅममध्ये लिहिलेल्या बातमीला उत्तर ग्रॅममध्येच द्यावे लागते. आणि कधी कधी हा हिशेब अंगणवाडीताईच्या बाजूनेही निघतो: तिने सगळे नीट शिजवलेले असते, पण वरून धान्यच उशिरा आलेले असते.

आदिवासी भागात २०१५पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनाही आहे. त्यात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार वेळा अंडी मिळतात. अंड्याचे प्रथिन शरीर फार चांगले वापरते, ते मोजायला सोपे आणि भेसळ करायला अवघड. या योजनेची आकडेवारी बातम्यांत येते. मुलाने अंडे अंगणवाडीत खाल्ले की घरी नेऊन चौघांत वाटले, हे मात्र चोवीस तासांचा आढावा घेतल्याशिवाय कळत नाही.

२०२०मध्ये, कोविडच्या टाळेबंदीनंतर, याच जिल्ह्यातल्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांची बातमी देशभर गाजली. पाड्यांवरची माणसे संसर्गाच्या भीतीने अंगणवाडीत येईनात, म्हणून त्या नर्मदेच्या फुगवट्यातून स्वतः होडी वल्हवत अलिगाट आणि दादरच्या पाड्यांवर जात. अंतर अठरा किलोमीटर. बालकांची वजने घेत, गरोदर बायांची तपासणी करत, पोषण आहार पोचवत. गौरव व्हायलाच हवा असे ते काम होते. त्या बातमीतली होडी माझ्यासारख्या दूरच्या वाचकाच्या मनात राहिली. पण आहारशास्त्र शिकलेली वार्ताहर त्या होडीतल्या वजनकाट्याचाही पाठपुरावा करील. ज्या बाळांची वजने घेतली ती पुढच्या महिन्यात किती भरली? ज्याचे भरले नाही त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात नेले का? नेले असेल, तर आई दोन आठवडे तिथे राहिली तेव्हा घरच्या बाकी मुलांना कोणी सांभाळले? याच प्रश्नावर कित्येक माता मूल घेऊन मध्येच परततात.

शहरातल्या मराठी वाचकाची अडचण उलटी आहे. त्याच्यापाशी आहाराची माहिती फार आहे. २०१८च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा दिवसातून दोनदाच जेवण्याचा सल्ला आणि ऋजुता दिवेकर यांचा थोडे थोडे, पण घरचे आणि स्थानिक खाण्याचा सल्ला यांवर महाराष्ट्रात घराघरांत वाद झाले. वर्तमानपत्रांनी तो दोन व्यक्तींचा सामना म्हणून रंगवला. वाचकाला हवे होते ते वेगळेच: हा सल्ला कुणासाठी आहे, कुणासाठी नाही, त्यामागे कोणत्या प्रकारचा पुरावा आहे, किती लोकांवर आणि किती काळ पाहिलेला? लठ्ठपणा आणि मधुमेहाच्या भीतीने दिलेला सल्ला मोबाइलवरून फिरत फिरत गरोदर बाईपर्यंत किंवा वाढीच्या वयातल्या मुलीपर्यंत पोचला, तर तो घातक ठरू शकतो. नंदुरबारच्या बाजारपेठेत वजन उतरवण्याचे सल्ले आणि डोंगरातली वजन न भरणारी बाळे आज एकाच जिल्ह्यात आहेत. दोघांसाठी लिहिणारे माणूस एकच असायला काय हरकत आहे?

मराठीत या जोडीला परंपरा नाही असे नाही. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, शरीराविषयीचे शास्त्र सोप्या मराठीत लिहिले आणि त्यापायी खटलेही सोसले. त्यांचे वडील धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात, आजच्या एसएनडीटीत, गृहविज्ञान आणि आहारशास्त्राचे शिक्षण पुढे भक्कमपणे उभे राहिले. १९५६ साली पुणे आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत रेडिओ-मंडळे चालवली. गावकरी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून शेती, आरोग्य, गावकारभारावरचा कार्यक्रम ऐकत, लगेच चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. पॉल न्यूरथ यांनी केलेल्या मूल्यमापनात मंडळे असलेल्या गावांतली माहिती ठळकपणे वाढलेली आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी वाढली नाही. फरक पडला तो ऐकल्यावर बोलायला मिळाल्याने. पोषणाच्या भित्तीपत्रकांवर आपण किती विसंबतो, हे पाहता हा निष्कर्ष मला आजही ताजा वाटतो. सफरचंदाचे चित्र असलेल्या फलकापुढे कुणी प्रश्न विचारत नाही. नागली, भगर, उडीद, आमचूर, मोहाची फुले हे सातपुड्याचे अन्न त्या फलकावर असेल, तर निदान बोलणे सुरू होईल. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधापेक्षा बरेच जास्त. पिकलेली पपई बाळाला ‘अ’ जीवनसत्त्व देते आणि ती याच जिल्ह्यातून गाड्या भरून बाहेर जाते.

नंदुरबारहून सुरतेच्या गाडीने गाठता येणाऱ्या बडोद्यात तर दोन्ही विषय एका छपराखाली आणले गेले. महाराजा सयाजीराव विद्यापीठात हंसा मेहता कुलगुरू असताना १९५०मध्ये गृहविज्ञान विद्याशाखा सुरू झाली. तिथे अन्न-पोषणाच्या शेजारीच विस्तार आणि संवाद असा विभाग आहे. दिल्लीच्या लेडी आयर्विन महाविद्यालयातही अशीच रचना आहे. गृहविज्ञान म्हणजे मुलींना स्वयंपाक शिकवणे, या समजुतीपायी आपण हा भाग फार हलका लेखला.

आजच्या नियमांत वाट बरीच मोकळी झाली आहे. २०२४-२५पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. त्यात मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विद्याशाखेतला विषय मायनर म्हणून घेण्याची सोय आहे. तीन वर्षांनी पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स, आणि मध्ये प्रत्यक्ष कामाचे, क्षेत्रभेटीचे श्रेयांक. महाविद्यालयात दोन्ही विषय नसतील, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२मध्ये दिलेली मुभा आहे: तासांची वेळ एकमेकांवर येत नसेल तर दोन अभ्यासक्रम एकाच वेळी, किंवा एक वर्गात आणि दुसरा दूरशिक्षणाने. पत्रकारितेसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे आणि जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे.

कोणता विषय आधी घ्यावा, यावर माझे मत स्पष्ट आहे. ज्या मुलीने बारावी विज्ञानातून केली आहे, तिने आहारशास्त्रात पदवी घ्यावी आणि पत्रकारिता मायनर किंवा पदव्युत्तर शिकावी. जीवरसायनशास्त्र, रुग्णालयातला सराव आणि आहाराचे गणित मागाहून वरवर शिकता येत नाही. रुग्णाला आहार आखून द्यायचा तर पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातली सहा महिन्यांची उमेदवारी करून इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणी-परीक्षा देता येते. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोग कायद्यातही आहारतज्ज्ञांचा समावेश झाला आहे.

दोन्ही शिकणारीला एक ताण कायम जाणवेल. आहारतज्ज्ञाने रुग्णाची माहिती राखायची असते, पत्रकाराने ती उघड करायची असते. हाडे दिसणाऱ्या मुलाचा चेहरा छापला की वाचक हळहळतो, पण ते मूल त्याच गावात मोठे होणार असते. तिने पातेल्याचा, पट्टीचा, वजनाच्या नोंदवहीचा फोटो घ्यावा. जाहिरातीचीही जाण हवी. बाळाच्या दुधाचे पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहाराची जाहिरात १९९२च्या कायद्याने बंद आहे. तरी ‘तज्ज्ञांचा सल्ला’ अशा वेषात ती छापायला येते. संपादकाला हे रोखठोक सांगणारी व्यक्ती कचेरीत असली पाहिजे.

पोटापाण्याचे काय, हे कळसाडीच्या घरात पहिल्यांदा विचारले जाईल आणि ते बरोबरच आहे. निव्वळ जिल्हा वार्ताहराच्या मानधनावर घर चालणे कठीण. पण आहारशास्त्राच्या पदवीवर पोषण पुनर्वसन केंद्र, रुग्णालय, आश्रमशाळांचा आहार, महिला व बालविकास विभागातल्या पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी अशी पदे यांचे दरवाजे उघडतात. कृषी विज्ञान केंद्रांत गृहविज्ञानाचे तज्ज्ञ असतात आणि नंदुरबारजवळ कोळदे येथे असे केंद्र आहे. लिहिता-बोलता येणारी आहारतज्ज्ञ तिथे इतरांपेक्षा उजवी ठरते, कारण या प्रत्येक नोकरीत अर्धे काम समजावून सांगण्याचे आहे. उरलेल्या वेळात महिन्याला एक बातमी तिने लिहिली तरी चालेल. पहिलीचा विषय गावातच आहे: अंगणवाडीत या महिन्यात किती दिवस डाळ शिजली, आणि किती ग्रॅम.